मंजू, तुझा एक मार्क माझ्याकडे राहिलाय

ठाणे,
रविवार दुपार

प्रिय मंजू,

कशी आहेस असं विचारत नाही, परवाच फोनवर पाऊण तास बोललोय आणि त्यात तुझा गुडघा, सूनबाईचं ऑफिस आणि इंदुरातला भाजीचा भाव सगळं झालंय. पण एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती सलग सांगायची आहे आणि तू फोनवर सलग बोलू देत नाहीस, खोटं असेल तर सांग. म्हणून लेकाकडून लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड टाकून घेतला आणि बसले टाइप करत. चुका झाल्या तर हसू नकोस. प्रिंट काढून फराळाच्या डब्यात घालतेय, तेव्हा आधी चकली खा मग वाच.

तर झालं असं की यंदा गणपतीत सोसायटीच्या कमिटीनं माझ्या गळ्यात क्विझ मारलं. म्हणजे प्रश्न मी काढायचे, माइकवर मीच विचारायचे, आणि भांडणंही मीच सोडवायची. मी म्हणलं त्यात काय, माळ्यावर जुनं सामान्य ज्ञानाचं पुस्तक आहे, कव्हर कधीच गेलंय पण आतलं शाबूत आहे, त्यातूनच पन्नास प्रश्न उतरवून काढले. चार विंगच्या चार टीम, पहिल्या दिवशी सेमीफायनल, दुसऱ्या दिवशी फायनल. सगळं मस्त चाललेलं. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता म्हणून विचारलं आणि सी विंगचा एक आठवीतला मुलगा, चष्मा, केस उभे, उठून म्हणतो, काकू, असा कुठलाच नाहीये. मी म्हणलं चूक! बी विंगवाले ओरडले हॉकी, मी म्हणलं बरोबर, दोन मार्क. झालं, त्या पोराचे आजोबा उठले, ते बँकेतून रिटायर, त्यांचा आवाज तू ऐकायला हवास, आणि मीही काय कमी, परीक्षकाचा निर्णय अंतिम राहील वगैरे माइकवर ठणकावून सांगितलं. सी विंग दोन मार्कांनी आउट.

रात्री झोप येईना. पोराचा चेहरा डोळ्यांसमोर. दीड वाजता मोबाइल घेऊन बसले, हे म्हणतायत अगं उद्या आरतीला लवकर उठायचंय. आणि काय सांगू, पोरगं बरोबर निघालं गं! २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारलं होतं, तर केंद्राच्या खेळ खात्यानंच लेखी उत्तर दिलं की कुठल्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेलं नाही. म्हणजे आपण शाळेपासून जे घोकलं ते नुसतंच घोकलेलं. तसंच राष्ट्रभाषेचं. घटनेचं कलम ३४३ हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हणतं, राष्ट्रभाषा हा शब्दच त्यात नाही. आणि हा प्रश्न माझ्या उद्याच्या यादीत सातव्या नंबरवर होता! वाचले.

आणि तेव्हा मला तू आठवलीस. सातवीतली ती परीक्षा आठवते का, सामान्य ज्ञानाची, वर्गात दोघींत चुरस होती ती? शिसपेन्सिलीत काय असते. मी लिहिलं शिसे. तू लिहिलंस ग्रॅफाइट. बाईंनी माझं बरोबर धरलं आणि तुझ्यावर लाल फुली, एका मार्कानं मी पहिली आले आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मी तेव्हा म्हणाले होते, नावातच शिसं आहे ना, मग ग्रॅफाइट कुठून येईल. मंजू, त्यात शिसं नसतंच. ग्रॅफाइट आणि चिकणमाती. सोळाव्या शतकात इंग्लंडात बॉरोडेलला ग्रॅफाइटची खाण सापडली, काळं चकचकीत दिसतंय म्हणून लोकांना ते शिशासारखंच काहीतरी वाटलं, आणि ती चूक तिथून निघून आपल्या मराठीत शिसपेन्सिल होऊन बसली ती बसलीच. माझा पहिला नंबर त्या चुकीवर आलेला.

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर माइक घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की काल मी चुकले, सी विंगला दोन मार्क आणि फायनलला तीन टीम. आजोबांनी टाळ्या वाजवल्या, बी विंगच्या बायका अजून माझ्याशी मोजून मापून बोलतात. आणि ते पुस्तक मी सकाळीच रद्दीत टाकलं होतं. मग प्रश्न कुठून आणले? घरातून. शब्दशः घरातून, स्वयंपाकघर, देव्हारा, पर्स, एवढ्यातूनच. म्हणलं जे हातात धरून दाखवता येईल तेच विचारायचं.

पर्सपासून सुरू केलं. तुझ्याकडे आहेराच्या पाकिटावरचा एक रुपया असेलच, चिकटवलेला. तो काढ, चष्मा लाव आणि साल लिहिलंय त्याच्या खाली बघ. बारीकसा चौकट आकार दिसतो का, पत्त्यातल्या चौकटसारखा? तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीत पडलंय, म्हणजे माझ्या गावचं. चांदणी असेल तर हैदराबादचं, नुसता ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. मंडपात मी हे सांगितलं मात्र, सगळे खिसे उलटे! लहान मुलं आजीच्या बटव्यात हात घालतायत, एकजण तर दानपेटीकडे निघाला होता, त्याला आवरावं लागलं. मी स्वतः पन्नाशी ओलांडली, आयुष्यभर नाणी मोजली, भाजीवाल्याशी सुट्ट्यावरून भांडले, पण तो ठिपका कधी बघितला नव्हता.

आणि नोटेचं. मागच्या बाजूला डावीकडे भाषांची पट्टी असते ती माहितीय, पण त्यात किती भाषा विचारलं तर कुणी बावीस म्हणालं, कुणी अठरा. पंधरा आहेत, आणि हिंदी-इंग्रजी वेगळ्या मोठ्या अक्षरात, म्हणजे सगळ्या मिळून सतरा. मराठी वरून आठवी. का आठवी, तर इंग्रजी नावांच्या ए बी सी डी नं लावल्यात, आसामीपासून उर्दूपर्यंत, म्हणून आपण मल्याळमच्या खाली आणि नेपाळीच्या वर. यावर आमच्या म्हापशाच्या वहिनी लगेच, कोंकणी तुमच्या वर आहे हां. आहे, सहावी. वीसच्या नव्या नोटेवर वेरूळ आहे हेही फार थोड्यांना सांगता आलं. आणि अजून एक गंमत, एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही नसते, ती नोट रिझर्व्ह बँकेची नाहीच, सरकारची, म्हणून सही अर्थ सचिवांची आणि मैं धारक को वचन देता हूँ हे त्यावर नाही. सासूबाईंच्या पोथीत एक कोरी नोट होती, तिचाच पुरावा दाखवला.

गॅस सिलिंडर तर मी चक्क स्टेजवर आणला. रिकामा गं, घाबरू नकोस. वरचं गोल कडं असतं ना, त्याला खाली तीन उभ्या पट्ट्या असतात, त्यातल्या एकीच्या आतल्या अंगाला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. माझ्यावर ए २७ होतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे जून संपेपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि आकडा म्हणजे साल. लोक याला गॅसची एक्सपायरी म्हणतात, ते नाही. तोवर त्या टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी, एवढाच त्याचा अर्थ, पण ती तारीख उलटलेली टाकी आली तर सरळ बदलून माग. आणि गॅसला वास येतो म्हणतो ना आपण, गॅसला वासच नसतो. तो कुजक्या कोबीसारखा वास मुद्दाम घातलेला, इथिल मरकॅप्टन नावाचं द्रव्य, गळती कळावी म्हणून. सिलिंडर उचलून खाली ठेवणाऱ्या आपण, डिलिव्हरीवाल्याशी वजनावरून हुज्जत घालणाऱ्याही आपणच, आणि त्या पट्टीच्या आत काय लिहिलंय ते बघायला मला गणपती यावे लागले.

आता हळदकुंकवाचं सांगते, हे मला सगळ्यांत आवडलं. गौरीच्या हळदीकुंकवाला माझ्या त्या मोरपंखी साडीच्या काठावर (काठ फिका पिवळा आहे, तुला आठवत असेल) हळद सांडली. मी घाईत कपड्याच्या साबणाची वडी घासली आणि डाग लालभडक! मी किंचाळले, वाटलं रक्त आलं बोटातून. मग कळलं की हळदीतलं करक्युमिन साबणातल्या खारानं लाल होतं, लिंबू लावलं की पुन्हा पिवळं, आणि उरलेला डाग उन्हात टाकला की उडतो. इतकंच असतं तर सोड, पण पूर्वी कुंकू करायचे ते कसं? हळदीला चुना लावून! तीच करामत. म्हणजे आपण दोन वेगळ्या वाट्या ठेवतो तबकात, पण मुळात त्या मायलेकी आहेत. हा प्रश्न मी स्टेजवर पांढऱ्या रुमालावर हळद घेऊन, त्यावर साबणाचं पाणी टाकून दाखवला. बायका उठून पुढे आल्या बघायला. तुझ्या त्या बाईंना हा रुमाल दाखवायला हवा होता असं मनात आलं, असो.

उपवासावरून मात्र घरात रण पेटलं. प्रश्न असा होता की साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, यातलं मुळात भारतातलं काय? उत्तर काहीच नाही. बटाटा, रताळं, भुईमूग, मिरची, राजगिरा सगळे अमेरिका खंडातले. साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो टॅपिओकाचा कंदही तिकडचाच, आपल्याकडे तामिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचे कारखाने आहेत. फळं घे, पपई, पेरू, चिकू, सीताफळ, तीही तिकडचीच. कोलंबस गेला १४९२ ला, मग पोर्तुगीजांच्या जहाजांतून हे आपल्याकडे आलं, म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या काळी एकादशीला ना साबुदाणा होता ना शेंगदाणा ना हिरवी मिरची, तिखट म्हणजे मिरी. सासूबाई ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, म्हणजे मी साठ वर्षं अमेरिकन जेवण जेवतेय उपवासाला? मी म्हणलं भगर आपली आहे आई, तूप आपलं आहे. त्या म्हणाल्या, मग आता संकष्टीला भगरच कर. आणि खरंच, त्या दिवसापासून घरात भगर! ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं ना, की क्विझ घ्यायची काय गरज होती. एक संकष्टी गेली, दुसरीला सासूबाईच हळूच म्हणाल्या, थोडी खिचडी टाक गं.

नुसते पदार्थ नाही, शब्दही आले बरं का. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज. पाव, कोबी, काजू, अननस हे ठीक, खाण्याचे आहेत. पण परात? घमेलं? चावी, पगार, लिलाव, बिजागरी? नाताळ तर आहेच. आणि हापूस म्हणजे अफोन्सो, गोवा जिंकणारा तो पोर्तुगीज अल्बुकर्क. म्हापशाच्या वहिनी एवढ्या खूश झाल्या की बी विंग सोडून माझ्या बाजूनं बोलायला लागल्या. त्यांनीच मग माडाची गोष्ट सांगितली, ती मी एक्स्ट्रा प्रश्न म्हणून घेतली. २०१६ साली गोव्यात कायद्यातल्या झाडांच्या यादीतून माड काढून टाकला, म्हणजे कायद्यानं माड हे झाडच नव्हे! लोक खवळले, आणि २०१७ मध्ये निवडणुकीनंतर नवं सरकार आलं तेव्हा माड पुन्हा झाड झाला, वर राज्यवृक्षाचा मान. वहिनी म्हणतात, तेवढे दिवस आमचा नारळ काय हवेत लागत होता का.

बाकीचे प्रश्न पटापट सांगते. स्ट्रॉबेरीवर ज्या बिया दिसतात ती एकेक खरी फळं, लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठ, आणि शास्त्राच्या हिशोबात केळं बेरी आहे पण स्ट्रॉबेरी नाही, यावर पोरांनी एवढा गोंधळ घातला की दहा मिनिटं वाया. शटलकॉकला पिसं सोळा, आणि बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम पुण्यात इंग्रजांनी बांधले, त्या खेळाला पूनाच म्हणायचे. पुण्याच्या जावईबापूंनी लगेच कॉलर ताठ केली. काडेपेटीची काडी फरशीवर घासून पेटत नाही, कारण तांबडा फॉस्फरस काडीवर नसतो, पेटीच्या कडेला असतो. आपलं राज्यफूल ताम्हण आणि राज्यप्राणी शेकरू, हे दोन्ही कुणालाच आलं नाही, सगळे वाघ वाघ करत होते. ठाण्याच्या पहिल्या रेल्वेची तारीख, १६ एप्रिल १८५३, ठाणेकरांना झोपेतून उठवून विचारलं तरी येते, म्हणून मी इंजिनं किती होती ते विचारलं. तीन होती. साहिब, सिंध, सुलतान. आजोबांना नावांसकट आलं, मान गए.

घड्याळाचा प्रश्न सासूबाईंनी जिंकला, टीममध्ये नसताना. मी विचारलं, मुंबईचं घड्याळ देशाच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागे होतं, ते कधीपर्यंत? सगळे म्हणतायत इंग्रज असताना. सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, मी चौथीत होते तोवर. बरोबर! देशाची प्रमाणवेळ १९०६ ला आली पण मुंबईनं बॉम्बे टाइम सोडला नाही तो थेट १९५५ पर्यंत. गिरगावात त्यांच्या वडिलांना कुणी वेळ सांगितली की ते विचारायचे, मुंबई टाइम की स्टँडर्ड? लग्नाच्या मुहूर्ताला म्हणे यावरून लोक चुकायचे. मला इतकी वर्षं या घरात येऊन झाली, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आणि हो, शेवटचा प्रश्न तुझ्यामुळे सुचला. फराळाच्या डब्यावर लिहिलेला तुझा पत्ता आठवला, कारण गेल्या वर्षी मी पिनकोडचा एक आकडा चुकवला आणि डबा तुला दिवाळी संपल्यावर मिळाला, करंज्यांचा भुगा. तर तुझा पिन ४५२ नं सुरू, माझा ४००. दोघींचा पहिला आकडा चार. राज्य वेगळं, तरी चारच! महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून तो विभाग आहे. पुढचे दोन आकडे कुठल्या भागात छाननी होणार ते सांगतात, शेवटचे तीन म्हणजे तुझं पोस्ट ऑफिस. आणि नऊनं सुरू झाला तर तो लष्कराचा. हे ज्यांनी बसवलं ते आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि वर संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालं, स्वातंत्र्याच्या पंचविशीला. त्याआधी एकाच नावाची गावं आणि पत्ते वेगवेगळ्या भाषांत, टपाल भलतीकडेच. सी विंगच्या त्या चष्मेवाल्याला हा आला आणि सी विंग जिंकली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बक्षीस देताना त्याला विचारलं, तुला हॉकीचं कसं माहीत होतं रे? तर म्हणाला, मी आधी हॉकीच लिहायचो काकू, मग शाळेत एका मुलीनं नाही म्हणून सांगितलं, आम्ही भांडलो, मग मी शोधलं. बघ, याला आठवीत सुचलं. मला सातवीत तुझ्याशी भांडून पेन्सिल फोडून बघायचीही अक्कल नव्हती, नुसतं पहिल्या नंबरचं कंपासपेटीचं बक्षीस मिरवत फिरले. ती पेटी अजून आहे माझ्याकडे, माळ्यावरच सापडली, त्या पुस्तकाच्या खालीच. झाकणावरचा रंग उडालाय, आत कर्कटक गंजलंय.

डब्याच्या तळाशी, शंकरपाळ्यांच्या पिशवीखाली, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीय. तुझी आहे ती.

आता गुडघ्याला जप, जिने चढू नकोस. भावजींना नमस्कार, सूनबाईला आणि बाळाला आशीर्वाद. इंदुरातल्या नाण्यांवर सालाखाली काय दिसतं ते बघून फोन कर, मला मुंबईची किती तिकडे पोचलीत ते मोजायचंय.

तुझीच,
सुमी

ता. क. पत्त्यावर यंदा पिनकोड तीनदा तपासून लिहिलाय. तरी करंज्या फुटल्या तर तो पोस्टाचा दोष नाही, सारण जास्त भरलंय.